ओठमिट्यांची मुलगी

आमच्या भाऊजींना सगळा बाजार ओठमिटे म्हणायचा. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा एक गृहस्थ दुकानात येऊन "ओठमिटे साहेब आहेत का" असं अगदी अदबीनं विचारते झाले, आणि भाऊजींनीही "बोला" म्हणून त्यांना खुर्ची दिली. फोटो काढताना ते प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचे, ओठ मिटा. नवरीला, म्हाताऱ्याला, नोकरीच्या अर्जासाठी आलेल्या पोराला, सगळ्यांना. हसायचंच असेल तर मिटल्या ओठांनी हसा. दात दाखवलेला फोटो गिऱ्हाईक परत आणतं आणि मिटल्या ओठांचा कधी आणत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि धंद्याच्या दृष्टीनं ते खरंही होतं.

मी त्यांची मेहुणी, म्हणजे त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. स्टुडिओत काउंटरवर मीच बसायचे. फोटो कटरवर कापायचे, पाकिटात घालायचे, तक्रार आली की आधी माझ्यावर यायची. तेव्हा मी जे सांगते ते उडत कानावर आलेलं नाही, समोर बसून पाहिलेलं आहे. भाऊजी वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी त्यांच्यावर नजर ठेवली असती.

स्टुडिओ म्हणजे रस्त्याला लागून एक अरुंद गाळा. पुढे काउंटर, मधे जाड पडदा, पडद्यामागे दोन छत्र्यांचे दिवे, एक गोल स्टूल आणि भिंतीवर गुंडाळून ठेवलेले तीन बॅकग्राउंड. एक पांढरा, एक निळा, आणि एक रंगवलेला, त्यात खांब आणि जिना होता. तो जिना कुठेच जात नव्हता, पण त्याच्या पायथ्याशी बाजारातल्या निम्म्या लोकांची लग्नं झाल्यासारखी दिसायची. आणि रस्त्याच्या बाजूला काचेची शोकेस. त्या शोकेसमध्ये एकच मोठी फ्रेम असायची, त्यांच्या मुलीची.

भाऊजींची खरी करामत फोटो काढण्यात नव्हती, टचिंगमध्ये होती. जुन्या काळी ते डोळ्याला भिंग लावून निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचे. पुढे कॉम्प्युटर आला तर त्यांना पंखच फुटले. पुळ्या, डाग, चामखीळ, डोळ्यांखालचं काळं, दुहेरी हनुवटी, सगळं जायचं. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आरशातल्यापेक्षा बरा दिसायचा, आणि लोक आरशाला नावं ठेवत फोटो घेऊन जायचे. हळूहळू भाऊजींना समोरच्या माणसाकडे नीट बघायची गरजच उरली नाही. ते सरळ स्क्रीनवर बघायचे.

मुलगी उशिरा झाली, तीही औषधपाण्यानंतर. भाऊजींनी तिला बाहुली म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच नाव पडलं. दर वाढदिवसाला तिचा फोटो काढायचा, टचिंग करायचं आणि शोकेसमधली जुनी फ्रेम काढून नवी लावायची, हा त्यांचा नेम. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पोर होतीच गोड, डोळे तर असे की कुणीही उचलून घ्यावं. फक्त ती जेवताना बघावी लागायची, आणि जेवताना तिला कोण बघतंय.

मी पाहिलं ते सुताच्या दोऱ्यामुळे. बाहुली सात वर्षांची होती. जिन्याचा बॅकग्राउंड खांबाच्या बाजूनं उसवला होता आणि मी जमिनीवर बसून तो शिवत होते, ती कापड ताणून धरून बसली होती. टाका संपला, कात्री हाताशी नव्हती, मी म्हटलं दातानं तोड. तिनं दोरा पुढच्या दातांत धरला आणि ओढला. दोरा ओला होऊन सबंधच बाहेर आला. परत धरला, परत आला. मग तिनं मान वाकडी केली, दोरा गालाच्या आत दाढेखाली घातला आणि तोडला. हे सगळं इतक्या सवयीनं केलं की मी सुई खाली ठेवली.

मी तिला दिव्याखाली नेलं आणि आ कर म्हटलं. खालची दातांची रांग वरच्या रांगेच्या पुढे होती. झाकण डब्याच्या बाहेर बसायच्याऐवजी आत गेलं की कसं दिसतं, तसं. पुढचे दोन-चार दुधाचे दात पडून नवे आले होते, आणि नवेही तसेच उलटे आले होते.

ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी बहीण, गरीब स्वभावाची, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. ती म्हणाली, दुधाचे दात आहेत, पडतील, नवे सरळ येतील. मी म्हटलं, नवे आलेत ते बघितलेस का? तर म्हणाली, बघितलेत. मग तिच्याही नकळत तिनं खरं काय ते सांगितलं. बाहुलीला सफरचंद चावत नाही, काकडी चावत नाही, ब्रेडचा तुकडा तुटत नाही, म्हणून ती कधीपासून तिला सगळं बारीक चिरून देत होती. म्हणजे स्टुडिओत बाप झाकत होता आणि स्वयंपाकघरात आई. दोघांनाही आपण लाड करतोय असं वाटत होतं.

भाऊजींना सांगितलं तर त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि वाढदिवसाचे सगळे फोटो स्क्रीनवर एका ओळीत लावले. "दाखव," म्हणाले, "कुठे आहे?" मी बघितलं. हनुवटी सगळीकडे जिथल्या तिथे, ओठ गुलाबी, मिटलेले. मी म्हटलं, हे तुम्ही टचिंग केलेले आहेत. त्यावर ते म्हणाले की सगळ्यांचं करतो तेवढंच केलंय. आणि मला खात्री आहे, त्या माणसाला ते खरंच वाटत होतं. दरवर्षी थोडंसं पुसायचं, पुढच्या वर्षी ते पुसलेलं समोर ठेवून त्याच्याशी जुळवायचं. वर्षागणिक जास्त पुसावं लागतंय हे हाताला कळलं असेल, डोळ्यांना कळलं नाही. वर कॉम्प्युटरमध्ये जागा अडते म्हणून टचिंग केलेला फोटो ते मूळ फोटोवरच सेव्ह करायचे. मूळ उरायचाच नाही.

त्याच सुमारास ती डॉक्टरीणबाई दुकानात आली. तरुण होती, बँकेच्या मागच्या गल्लीत तिनं नवा दवाखाना थाटला होता, दातांना तारा लावायचा. तिला पासपोर्टसाठी फोटो हवा होता. हनुवटीवर डाव्या बाजूला चांगला ठसठशीत तीळ. बाहुली काउंटरच्या कडेला बसून बिस्किट खात होती, नेहमीसारखं तोंडाच्या कोपऱ्यात सारून. बाई पर्स उघडता उघडता थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिला विचारलं, बाळ, जरा दात दाखवतेस? बाहुलीनं दाखवले. परक्या माणसाला दात दाखवायला तेव्हा ती लाजत नव्हती.

बाई भाऊजींना म्हणाली, "हिला एकदा दाखवून घ्या. किती वर्षांची आहे?"

"सात. अजून दुधाचे दात आहेत. सगळे पडले की बघू."

"सगळे पडायची वाट नसते बघायची. सातव्या वर्षीच एकदा दाखवायचं असतं, काही दिसत नसलं तरी. आणि हिचं तर दिसतंय. दात काय, मोठेपणीही सरळ करता येतात. जबडा मात्र नंतर ऐकत नाही."

भाऊजींनी बाईला पडद्यामागे स्टुलावर बसवलं, छत्री थोडी डावीकडे वळवली, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाले, "ओठ मिटा."

बाईनं ओठ मिटले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली की तपासायला पैसे घेत नाही, नुसतं घेऊन या. मी भाऊजींना तेही सांगितलं. त्यांना ते जास्तच झोंबलं. आपल्या दुकानात येऊन, आपल्या स्टुलावर बसून, आपल्या मुलीत खोट काढते म्हणजे काय? त्यांनी त्या बाईचा फोटो फार मन लावून केला. कापताना माझ्या लक्षात आलं की तीळ नाही. मी म्हटलं, भाऊजी, हा पासपोर्टचा आहे. ते म्हणाले, राहू दे, बाईमाणूस खूश होईल.

त्यानंतर भाऊजींना बोलायला एक किस्साच मिळाला. दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला ते रंगवून सांगायचे, बाई आल्या होत्या फोटो काढायला आणि निघाल्या होत्या गिऱ्हाईक पकडायला, मी म्हटलं, बाई, आधी ओठ मिटा. सांगताना ते डॉक्टरीणबाईसारखी पर्स काखेत धरायचे. माणसं पोट धरून हसायची. किस्सा दुकानातून बाहेर पडला, शाळेच्या फाटकापाशी गेला, भाजीबाजारात गेला. कुणाच्या पोराला दाखवून घ्या असं कुणी म्हटलं की लोक हसून म्हणू लागले, बाई, ओठ मिटा. भाऊजींना फार अभिमान वाटायचा. मीही तेव्हा एकदोनदा त्यांच्याशी भांडले, पण मुलगी त्यांची, दुकान त्यांचं. ताईनं तर मला हात जोडले, घरात कटकट नको म्हणाली.

आणि मुलगी वाढत राहिली. वरचा जबडा मागेच राहिला, खालचा पुढे पुढे निघाला. नववं झालं, दहावं झालं. अकरा-बाराव्या वर्षी उंची सुटली तशी हनुवटीही सुटली. आता ती बाजूनं बघितली की कुणालाही दिसायचं. भाऊजी तिला बाजूनं बघायचेच नाहीत. समोर बसवायचं, कॅमेरा थोडा वर घ्यायचा, मान खाली झुकव म्हणायचं, मग उरलेलं काम कॉम्प्युटरवर. शाळेचे फोटोही तेच काढायचे. वर्गाच्या फोटोत चाळीस पोरं जशी असतील तशी, आणि दुसऱ्या रांगेतली एकच मुलगी सारखी केलेली.

शाळेत तिचं नाव ड्रॉवर पडलं. उघडा राहिलेला ड्रॉवर. पोरं पेन्सिल घेऊन यायची आणि म्हणायची, ठेवू का तुझ्यात? एकदा दोघींनी तिचे हात धरले आणि तिसरीनं तिच्या खालच्या ओठावर खोडरबर ठेवलं, पडतंय का बघायला. ते पडलं नाही, म्हणून वर्ग हसला. हे तिनं घरी येऊन रडून सांगितलं नाही. जेवताना सांगितलं, आज अमुक तास झाला नाही असं सांगतात तसं. ताईचा हात चिरता चिरता थांबला. भाऊजींनी मात्र उपाय लगेच सांगितला. ते म्हणाले, "ओठ मिटायचे आणि हनुवटी खाली घ्यायची. कुणाला काही कळत नाही."

पोरीनं ते ऐकलं. ती हनुवटी छातीला टेकवून चालू लागली. वर्गात बाई प्रश्न विचारायच्या तेव्हाही मान खाली. बाईंना वाटायचं अभ्यास केलेला नाही, म्हणून उभी करायच्या. उभी राहिली की मान आणखी खाली. ती बोलायची कमी झाली, आणि बोलली तरी स, श चे शब्द टाळायची, कारण ते तिच्या दातांतून नीट निघायचे नाहीत. माणूस बोलताना असे शब्द गाळू शकतो हे मला तिच्याकडे बघून कळलं.

बाहुली तेरा-चौदाची असताना एक बाई नवऱ्याबरोबर दुकानात आली. शोकेसमधली फ्रेम तिला आवडली होती. आमच्या मुलीचा असाच काढायचा आहे म्हणाली, आणि ती काचेतली मुलगी कुणाची हो? बाहुली माझ्या शेजारी पाकिटांवर शिक्के मारत होती. भाऊजी मोठ्या कौतुकानं म्हणाले, ही काय, हीच. बाईनं तिच्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि मनापासून, अजिबात वाईट हेतू नसताना म्हणाली, "नाही हो, हिची धाकटी बहीण असेल."

बाहुलीनं शिक्के मारणं थांबवलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना मी बघितलं तर सगळ्या पाकिटांवर शिक्का एकावर एक, इतका की नाव वाचता येत नव्हतं. त्या दिवसापासून ती शोकेससमोरून जायची बंद झाली. मागच्या बोळातून यायची.

सोळाव्या वर्षी ती एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, त्या तारांच्या डॉक्टरकडे मला ने. बाबांनाही यायला सांग. मला त्यांच्यासमोर ऐकायचंय."

मला वाटलं होतं भाऊजी काहीतरी निमित्त काढतील. काढलं नाही. उलट ते तयारीनं आले. इस्त्रीचा शर्ट घातला आणि दरवर्षीच्या फोटोंचा जाड अल्बम काखेत मारला. रस्त्यात मला म्हणाले, हे सगळं अलीकडचं आहे, वयात येताना होतं असं, डॉक्टरला पुराव्यासकट दाखवतो. ताई मागून मुकाट्यानं येत होती. दवाखाना इतका जवळ होता की हे बोलणं पुरं व्हायच्या आत पायऱ्या आल्या.

डॉक्टरीणबाई आता तशी तरुण राहिली नव्हती. तीळ होता तिथेच होता. तिनं बाहुलीला खुर्चीत आडवं केलं, आरसा घालून बघितलं, बोटानं जबडा दाबून बघितला, बाजूनं एक्स-रे काढला आणि तो दिव्यावर लावला. आम्हाला त्यातलं काही कळायची गरज नव्हती. पांढऱ्या हाडाची एक फळी वर मागे राहिलेली, आणि खालची तिला मागे टाकून निघून गेलेली.

बाईनं विचारलं की हे कधीपासून आहे, आणि अलीकडे वेगानं वाढलं का, की वाढ आता मंदावली आहे? लहानपणापासूनचे फोटो असतील तर बरं, त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांनी अल्बम टेबलावर ठेवला आणि पानं उलटू लागले. हा आठव्याचा, हा दहाव्याचा, बघा, काही आहे का? हा बाराव्याचा. बाईनं सगळी पानं शांतपणे बघितली. मग अल्बम बाहुलीकडे सरकवला.

बाहुली म्हणाली, "हे खरे नाहीत. बाबा पुसतात."

"मूळ फोटो?"

मी सांगितलं की मूळ नाहीत, वरच सेव्ह केलंय. शाळेचे? तेही यांनीच काढलेत. ओळखपत्रावरचा? तोही. नातेवाइकांकडे पाठवलेले तेही याच दुकानातून गेलेले. त्या खोलीत उभं राहून आम्ही एकेक आठवत गेलो. त्या पोरीचा खरा म्हणावा असा एकही फोटो जगात नव्हता.

बाईनं अल्बम मिटला. "मला वाटलंच तुम्ही तेच असाल," ती भाऊजींना म्हणाली. "माझा तीळ पुसला होतात तुम्ही. चेहरा जुळत नाही म्हणून अर्ज परत आला माझा."

हे ती रागानं म्हणाली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. मग तिनं सरळ सांगितलं. सात-आठ वर्षांची असताना वरच्या जबड्याचं हाड कोवळं असतं. चेहऱ्यावरून बांधायचा एक पट्टा मिळतो, घरी असताना आणि झोपताना लावायचा, रबरानं वरचा जबडा हळूहळू पुढे ओढून घेतो. वर्षभराचं काम. पोरं कुरकुर करतात, पण करतात. आता ते हाड ऐकणार नाही. आता पूर्ण वाढ थांबेपर्यंत थांबायचं, मधे तारा लावायच्या, आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षी जबडा कापून मागे बसवायचा. तोवर चेहरा असाच राहील, आणखी थोडा पुढेही येईल.

ताईनं विचारलं, म्हणजे तेव्हा आणलं असतं तर ऑपरेशन लागलंच नसतं का? बाई म्हणाली, "कदाचित तरीही लागलं असतं. काहींना लागतं. पण पुष्कळांना नाही लागत. तुमच्या मुलीचं काय झालं असतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

ताई म्हणाली, मी तिला तुकडे करून देत होते. कुणाला म्हणाली कुणास ठाऊक, एक्स-रेकडे बघून म्हणाली. भाऊजी टेबलावरच्या अल्बमवरून पुसल्यासारखा हात फिरवत होते. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही, आणि आली तर मी ती त्या पोरीच्या वाट्यातून काढलेली समजेन.

निघताना बाईनं सांगितलं की आता तरी काही फोटो लागतील. एक समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि एक ओठ ताणून धरून सगळे दात दिसतील असा. मी इथेच काढते. बाहुली म्हणाली, "नको. बाबा काढतील."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती स्टुलावर बसली. मागे पांढरा बॅकग्राउंड. आधी समोरून, मग डावीकडून, मग उजवीकडून. भाऊजींनी तिला पहिल्यांदाच बाजूनं कॅमेऱ्यात घेतलं आणि बराच वेळ त्यांचं बोट बटणावर गेलंच नाही. ती तशीच बसून राहिली, हनुवटी खाली न घेता. मग तिनं डॉक्टरांनी दिलेले प्लॅस्टिकचे दोन आकडे ओठांच्या कोपऱ्यात अडकवले, मी एक धरला, तिनं एक धरला, आणि ओठ गालापर्यंत ताणले. लाळ हनुवटीवरून फ्रॉकवर पडत होती. भाऊजी सवयीनं म्हणाले, "ओठ..." आणि तिथेच अडकले. अखेर त्यांनी फोटो काढला.

कॉम्प्युटरवर फोटो आला तसा त्यांचा हात माउसवर गेला. मी शपथेवर सांगते, त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हात आपोआप गेला. स्क्रीनवर मुलीची हनुवटी मोठी झाली, पुसायचा छोटा गोल तिच्या कडेवर येऊन थांबला. बाहुली मागे उभी होती, तोंड रुमालानं पुसत.

ती म्हणाली, "पुसलंत तर डॉक्टर चुकीचं हाड कापतील, बाबा."

भाऊजींनी माउस सोडला. उठून मला म्हणाले, तू प्रिंट काढ. आणि पडद्यामागे जाऊन दिवे बंद करत बसले, जे आधीच बंद होते. शोकेसमधली फ्रेम बाहुलीनं त्याच दिवशी स्वतः काढली. काच रिकामी राहिली. लोक विचारायचे, आम्ही धुवायला काढलीय म्हणायचो.

पुढे थोड्याच दिवसांनी एक बाई तिच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेच्या फोटोसाठी आली. मुलगी चुणचुणीत, सारखी बोलणारी. भाऊजींनी कॅमेरा लावला, आणि डोळा बाजूला काढून तिच्याकडे नुसतं बघितलं. पोरीच्या खालच्या दातांची रांग वरच्या रांगेच्या पुढे होती. मग ते म्हणाले, हिला एकदा तारांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, हीच वेळ असते.

बाई खळखळून हसली. म्हणाली, "काका, तुमचाच किस्सा ना तो? मी काय फोटो काढायला आले, आणि तुम्ही गिऱ्हाईक पकडताय होय? तुम्हीच ओठ मिटा आता."

मी पडद्याच्या कडेला उभी राहून बघत होते. भाऊजींचंच वाक्य समोरून येत होतं, अगदी त्यांच्याच हेलात. बाहुली पुढे काउंटरवर प्रिंट कापत होती, ती पडदा सारून आत आली. काही न बोलता त्या मुलीच्या शेजारी उभी राहिली आणि बाईला दिसेल असा चेहरा बाजूला वळवला. तसाच ठेवला. बाईचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिनं आपल्या मुलीकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग परत मुलीकडे.

तिनं हळू आवाजात भाऊजींना विचारलं, कुठे आहे तो दवाखाना, लांब आहे का?

भाऊजींनी तोंड उघडलं, पण उत्तर बाहुलीनं दिलं. "जवळच आहे. बँकेच्या मागच्या गल्लीत," ती म्हणाली. "बाबांना तिथे पोहोचायला नऊ वर्षं लागली."

मग ती पुढे काउंटरवर गेली आणि कटरचा आवाज पुन्हा सुरू झाला. भाऊजींनी कॅमेऱ्याला डोळा लावला. ओठ मिट असं त्यांनी त्या मुलीला सांगितलं नाही. पण इतका वेळ बडबड करणारी ती पोर बाहुली गेली त्या पडद्याकडे बघत होती, आणि तिनं आपणहून ओठ घट्ट मिटून घेतले होते.